समुद्र तापतोय, पाण्याचा पीएच उतरतोय: गोव्यातून सारखे येणारे प्रश्न

व्हॉट्सॲपवर, शाळांमधल्या गप्पांमध्ये आणि मासळी बाजारात उभं असताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केलेत. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे लोक विचारतात, सावंतवाडी-वेंगुर्ल्याहूनही येतात. उत्तर जिथे दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे फक्त नंबर दिलाय, तो बघून घ्या.

१. समुद्राचं आम्लीकरण म्हणजे नेमकं काय होतं? सोपं करून सांगा ना.

आपण कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळतो त्यातून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. तो पाण्यात विरघळला की कार्बनिक आम्ल तयार होतं, आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटे होतात. हे हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेट आयनांना जाऊन चिकटतात आणि कार्बोनेट कमी पडायला लागतं. शिंपले, प्रवाळ, काही प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) हे सगळे आपलं कवच कॅल्शियम आणि कार्बोनेट जोडूनच बनवतात, म्हणजे त्यांच्या घरबांधणीचं सामानच पाण्यातून कमी होतं. एवढंच आहे, बाकीचे सगळे परिणाम यातूनच निघतात.

२. मग समुद्राचं पाणी ॲसिड झालंय का? पोहायला जावं की नाही? आणि मासे खाल्ले तर?

बिनधास्त पोहा, बिनधास्त खा. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, तो जितका खाली तितकं पाणी आम्लाकडे. उद्योगयुगाच्या आधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा सरासरी पीएच ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. ७ च्या वर म्हणजे पाणी अजून अल्कधर्मीच आहे, आणि या शतकात ते ७ च्या खाली जाईल असं कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. माशाच्या मांसात यामुळे कुठलंही विष तयार होत नाही. त्रास आपल्या कातडीला नाही, त्या पाण्यातच जन्मून वाढणाऱ्या जिवांना आहे.

३. ०.१ चा फरक! एवढ्याशासाठी एवढी ओरड कशाला?

कारण पीएचची मोजपट्टी सरळ चढत नाही, तिच्यावर एक अंक खाली उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात. त्या हिशोबाने ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांमध्ये २५ ते ३० टक्के वाढ. हवेतला कार्बन डायऑक्साइड उद्योगयुगाआधी दर दहा लाख भागांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. उत्सर्जन असंच चढं राहिलं तर शतकाअखेर पीएच आणखी ०.३ च्या आसपास उतरेल असा अंदाज आहे. आणि मला स्वतःला आकड्यापेक्षा वेगाची जास्त धास्ती वाटते, त्याचं कारण १८ व्या प्रश्नात आहे.

४. समुद्र तापणं आणि आम्लीकरण एकच ना?

कारण एकच, पण प्रकार दोन. तापणं होतं ते हवेत अडकलेल्या उष्णतेमुळे, त्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रानेच पोटात घेतलीय. आम्लीकरण होतं ते वायू पाण्यात विरघळल्यामुळे, त्याला उष्णतेची गरज नाही. म्हणूनच वातावरणात वर धूलिकण फवारून सूर्यप्रकाश थोडा परतवायच्या ज्या कल्पना चालल्यात त्या यशस्वी झाल्या तरी पृथ्वी फार तर थंड होईल, पाण्याचा पीएच उतरायचा तो उतरतच राहणार. हा मुद्दा चर्चेत नेहमी गाळला जातो.

यात तिसरा भिडू पण आहे, ऑक्सिजन. सोड्याची बाटली गरम झाली की गॅस भरभर उडून जातो तसं कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी टिकतो. आपल्याकडे हे तिन्ही एकाच वेळी एकाच जागी येतात, ते ६ व्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय.

५. अरबी समुद्र खरंच तापलाय का की आम्हालाच तसं वाटतं?

तापलाय. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात म्हटलंय की १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी १ अंशाने वाढलं, तेव्हा जगभरच्या समुद्रांची सरासरी ०.७ होती. म्हणजे आपल्याकडे जास्त. सागरी उष्णतेच्या लाटा, म्हणजे पाणी सलग कित्येक दिवस नेहमीपेक्षा खूपच गरम राहणं, त्याही पश्चिम हिंदी महासागरात वाढल्यात. आणि गरम पाणी वादळांना ताकद देतं. २०१९ मध्ये अरबी समुद्रात एका वर्षात पाच चक्रीवादळं झाली, आणि मे २०२१ चं तौक्ते तर गोव्यात कोणी विसरलेलं नाही, झाडं पडून कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती.

६. पावसाळा संपत आला की कधी कधी समुद्रात कुजक्या अंड्यासारखा वास येतो, जाळ्यात तळची मासळी येत नाही. हे क्लायमेट चेंज का?

मूळ गोष्ट नैसर्गिक आहे, आणि गोव्याचा समुद्र समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट नीट कळायलाच हवी म्हणून जरा लांब लिहितोय.

मान्सूनच्या वाऱ्यांमुळे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खोलवरचं थंड पाणी किनाऱ्याच्या उथळ भागात वर चढतं. हे पाणी फार काळ हवेला लागलेलं नसतं. वरून पडणारा सगळा मेलेला सेंद्रिय माल कुजवताना जिवाणूंनी त्यातला ऑक्सिजन संपवलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, म्हणजे ते आधीच कमी ऑक्सिजनचं आणि कमी पीएचचं असतं. त्यात पाऊस आणि मांडवी-झुवारीसारख्या नद्या वर हलक्या गोड्या पाण्याचा थर पसरवतात, जेमतेम पाच-दहा मीटर जाड, आणि त्या झाकणामुळे खालचं पाणी हवेशी मिसळतच नाही. सप्टेंबरात कांदोळीच्या समोर बोटीतून मोजमापाचं यंत्र खाली सोडलं तर वर २८ अंशांच्या आसपास कोमट पाणी, आणि थोडंच खाली गेलं की आकडा धाडकन विशीच्या सुरुवातीला उतरतो, त्याबरोबर ऑक्सिजनही जवळजवळ शून्यावर. तो पूर्ण संपला की जिवाणू सल्फेट वापरायला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच तुमचा अंड्याचा वास. जे पोहू शकतात ते मासे आणि सुंगटं (कोळंबी) तिथून निघून जातात, जे हलू शकत नाहीत ते तळाचे जीव गुदमरतात. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत प्रवाह उलटतो आणि पाणी परत ताजं होतं.

दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, कांदोळीच्या समोर एका ठरलेल्या जागी १९९७ पासून वारंवार जाऊन हेच मोजत आलीय. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली नेचर या नियतकालिकात लिहिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा हा ऑक्सिजनचा दुष्काळ तीव्र होतोय आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा आणखी एक तापवणारा वायू मोठ्या प्रमाणात सुटतोय. शेतातून वाहून येणारी खतं हे त्याचं एक संभाव्य कारण त्यांनी मांडलं होतं. दरवर्षी प्रमाण कमीजास्त होतं, त्यामुळे एका वाईट सप्टेंबरवरून निष्कर्ष काढू नका. पण आधीच काठावर असलेल्या पाण्यात वरून माणसाचा कार्बन आणि उष्णता मिसळतेय, सहन करायला जागा शिल्लक कमी आहे. गोव्याबाबत माझं मुख्य म्हणणं हेच आहे.

७. शिंपला व्हिनेगरमध्ये टाकला तर फसफसून विरघळतो. समुद्रात पण असंच होणार?

असं नाही होणार. व्हिनेगरचा पीएच ३ च्या आतबाहेर असतो, समुद्र त्याच्या जवळपासही जात नाही. शाळेत हा प्रयोग दाखवतात तेव्हा मुलं घाबरून घरी जातात आणि खरा मुद्दा राहूनच जातो. मोठा झालेला शिंपला बराचसा तग धरतो, मार बसतो तो पिल्लांना.

कालवाचं उदाहरण घ्या. अंडं फळल्यानंतर साधारण दोन दिवसांत त्या डोळ्याला न दिसणाऱ्या पिल्लाला आपलं पहिलं कवच पूर्ण करायचं असतं, आणि तेव्हा त्याला खाता येत नसतं, अंड्यातून मिळालेली शिदोरी तेवढीच हाताशी. त्यात हे पहिलं कवच अरागोनाइट नावाच्या खनिजाचं असतं जे कॅल्साइट या कवचाच्या दुसऱ्या खनिजापेक्षा लवकर विरघळतं. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर तेच कवच बांधायला जास्त ऊर्जा लागते, शिदोरी संपते आणि पिल्लू कवच अर्धवट ठेवून मरतं. विरघळून नाही, दमून.

हे पुस्तकी नाही. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर व्हिस्की क्रीक नावाची कालवांची हॅचरी, म्हणजे पिल्लं वाढवायचं केंद्र, आहे, तिथे २००७ च्या सुमारास कोट्यवधी पिल्लं मरायला लागली. आधी रोगाचा संशय होता. नंतर कळलं की खोलवरचं कमी पीएचचं पाणी वर चढलं की पिल्लं मरतात, म्हणजे आपल्या ६ व्या प्रश्नात आहे तसंच. त्यांनी येणाऱ्या पाण्यावर सतत नजर ठेवायला आणि त्यात सोडा ॲश (धुण्याचा सोडा, अल्कधर्मी असतो) मिसळायला सुरुवात केली, धंदा वाचला. पण ते टाकीत जमतं, उघड्या समुद्रात कोण मिसळणार?

८. तिसऱ्यो, खुबे, शिनाणे पूर्वीसारखे मिळत नाहीत. याचं कारण आम्लीकरणच ना?

एकट्या आम्लीकरणावर ढकलू नका. नदीच्या मुखाशी पीएच आणि खारेपणा नैसर्गिकरित्याच प्रचंड वरखाली होतो, भर पावसात मांडवी-झुवारीचं वरचं पाणी जवळजवळ गोडं असतं. नदीचं पाणी कॅल्शियम आणि अल्कतेत (आम्ल झेलायच्या ताकदीत) गरीब असतं त्यामुळे कवच बांधायला तो काळ तसाही कठीणच. इथले शिंपले हे पिढ्यानपिढ्या सोसत आलेत. पण त्यावर गाळ, सांडपाणी, बार्ज आणि जेटीची कामं, आणि लहान लहान तिसऱ्यासुद्धा खरवडून नेणं हे सगळं चढलंय. चिखलीच्या खाडीत मेंड्यांची वस्ती आहे, जुन्या गोवेकर घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे पातळ अर्धपारदर्शक शिंपले बसवलेत तेच हे. ते चिखलावर पडून राहतात, पळून जाऊ शकत नाहीत, म्हणून खाडीत जे काही बिघडतं ते सगळं त्यांच्या अंगावर येतं. हवामान बदल त्यांच्या अडचणीत भर घालतोच, पण उद्या जर कोणी सांगितलं की कमी होण्याचं कारण फक्त ग्लोबल वॉर्मिंग आहे, आमचा प्रकल्प नाही, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

९. आणि तारले-बांगडे? एखाद्या वर्षी बादल्या भरून, एखाद्या वर्षी नाहीच.

तारल्यांचं वरखाली होणं जुनंच आहे, शंभर वर्षांच्या नोंदींमध्ये दिसतं. ते प्लवकांवर जगतात, प्लवक मान्सूनच्या वर चढणाऱ्या पाण्यावर, आणि ते पाणी वाऱ्यांवर, त्यात एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागर नेहमीपेक्षा गरम असण्याचं, वर्ष आलं की गणित बिघडतं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) अभ्यासकांनी एक मोठा बदल दाखवून दिलाय: तारले आधी मुख्यतः केरळ आणि दक्षिण कर्नाटकच्या पट्ट्यात असायचे, गेल्या काही दशकांत ते उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही पसरले. बांगडेही पसरलेत, आणि वरचं पाणी तापल्यामुळे ते आता खाली उतरतात, पूर्वीपेक्षा जास्त ट्रॉलरच्या तळच्या जाळ्यात सापडतात. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराच्या दृष्टीने याचा अर्थ मासळी समुद्रात असूनही किनाऱ्याच्या जाळ्यात येत नाही.

पण जास्त मासेमारीचा वाटा विसरून चालणार नाही. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिवे लावून आणि बुल ट्रॉलिंगने (दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढून) मासे पकडायला बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी पाळणं आणि लहान पिल्लं न पकडणं याने तापणाऱ्या समुद्रातही माशांना सावरायला वेळ मिळतो.

१०. कुर्ल्या आणि सुंगटांना पण कवच असतं, ते पण जाणार का?

यात उत्तर सरसकट नाही. त्यांच्या कवचात कायटिन असतं आणि ते शरीरातलं आम्ल बऱ्यापैकी सांभाळू शकतात. २००९ च्या एका प्रयोगात वेगवेगळे कवचवाले जीव कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या पाण्यात ठेवले तेव्हा काही खेकडे आणि लॉबस्टरनी उलट जास्त जाड कवच बनवलं. पण त्यासाठी लागणारी ताकद दुसरीकडून कमी होते आणि पिल्लं नाजूकच असतात. सुंगटांना इथे जवळची भीती पीएचपेक्षा ऑक्सिजनची.

११. रात्री लाटा निळ्या-हिरव्या चमकतात, रीळ्स फिरतात. चांगलं की वाईट?

दिसायला सुंदर, मी स्वतः थांबून बघतो. बहुतेक वेळा तो नॉक्टिलुका नावाचा एकपेशीय जीव असतो, पाणी हललं की उजेड सोडतो. थोडा असला तर काळजीचं काही नाही. त्याचा हिरवा प्रकार हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात प्रचंड प्रमाणात फुलायला लागलाय, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचा संबंध वर पसरणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. या जिवाच्या पोटात हिरवं शैवाल राहतं त्यामुळे त्याला दोन्ही मार्गांनी अन्न मिळतं, आणि माशांचं नेहमीचं खाणं असलेल्या डायटम या सूक्ष्म शैवालाची जागा तो घेतो. त्याला खाणारे मुख्यतः सॅल्प (पारदर्शक, थुलथुलीत जीव) आणि जेलीफिश, म्हणजे अन्नसाखळी बांगड्याकडे जायच्या ऐवजी तिकडे वळते.

१२. गोव्यात प्रवाळ आहेत? मला वाटायचं ते फक्त अंदमान-लक्षद्वीपला.

आहेत, वास्कोजवळच्या ग्रँड आयलंडच्या आसपास खडकांवर, लक्षद्वीपसारखी मोठी भिंत नाही, विखुरलेले. गढूळ पाणी सोसणाऱ्या जातीच जास्त. उत्तरेला मालवण आणि समुद्रात आत आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा, दक्षिणेला कर्नाटकातलं नेत्राणी बेट, इथेही आहेत. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंश जास्त गरम होऊन तसंच काही आठवडे राहिलं की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लगेच मरत नाहीत, पाणी थंड झालं तर सावरतात, पण वारंवार झालं तर नाही. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ला हे झालं, पहिल्या दोन वेळांमध्ये बारा वर्षं होती, नंतरची अंतरं त्याहून कमी आहेत. सावरताना नवीन सांगाडा बांधायला कार्बोनेट लागतं, तिथे आम्लीकरण आडवं येतं. ग्रँड आयलंडला डायव्हिंगला गेलात तर प्रवाळावर उभे राहू नका आणि बोटवाल्याला नांगर त्यावर टाकू देऊ नका.

१३. मोरजी-आगोंदच्या कासवांचा याच्याशी काय संबंध?

पीएचशी नाही, तापमानाशी. ऑलिव्ह रिडलेचं अंडं नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात हिरव्या कासवांच्या तरुण पिढीत ९९ टक्के माद्या सापडल्या. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथली घरटी मोजकी आहेत, म्हणून सावली देणारी किनाऱ्यावरची झाडं तोडून शॅक उभारणं हे मला फार खटकतं. त्यावर वाढत्या पातळीमुळे वाळूच खचतेय ते वेगळंच.

१४. कार्बन डायऑक्साइड वाढला तर समुद्रातली झाडं जोरात वाढतील, म्हणजे फायदाच की?

काहींना होतोच. इटलीत इस्किया बेटाजवळ समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे नैसर्गिकपणे निघतात, तिथे सागरी गवत छान वाढलेलं आहे. पण त्याच जागी बुडबुड्यांच्या जवळ जावं तसे प्रवाळ, समुद्री अर्चिन, कवचाचं शैवाल हे दिसेनासे होतात. समुद्र ओसाड नाही होत, त्यात राहणारे बदलतात आणि प्रकार कमी होतात. आपलं जेवण आणि धंदा जुन्या रहिवाशांवर चालतो, हा प्रश्न आहे.

१५. आम्लीकरणामुळे मासे वेडे होतात, शत्रूकडेच पोहत जातात असं वाचलं. खरं का?

क्लाउनफिशसारख्या प्रवाळातल्या माशांवर असे काही अभ्यास आले होते आणि जगभर गाजले. मग २०२० मध्ये दुसऱ्या गटाने तेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून बघितले, त्यांना तसा परिणाम सापडला नाही. तेव्हा हा मुद्दा कृपया फॉरवर्ड करू नका. शिंपले आणि प्रवाळांचा पुरावा त्यामुळे कमी होत नाही, तो वेगळ्या आणि भक्कम कामावर उभा आहे.

१६. समुद्रात लोखंड नाहीतर चुना टाकून हे सोडवता येणार नाही?

लोखंडाचा प्रयोग गोव्याच्याच संस्थेने केलाय. २००९ मध्ये एनआयओ आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी लोहाफेक्स नावाने दक्षिण महासागरात साधारण ३०० चौरस किलोमीटरमध्ये लोह टाकलं, शैवाल वाढून कार्बन घेऊन तळाला जाईल या आशेने. शैवाल वाढलं, पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्यामुळे जड कवचाचे डायटम फुलले नाहीत, जे वाढलं ते प्राणीप्लवकांनी खाल्लं आणि तळाला फारच थोडा कार्बन गेला. प्रयोग फसला म्हणून मी त्याला वाया गेलेला म्हणत नाही, तो केला म्हणून तर कळलं.

चुन्यासारखे अल्कधर्मी पदार्थ मिसळण्यावर जगात चाचण्या चालू आहेत, रसायनशास्त्र बरोबर आहे. पण लागणारा माल डोंगर फोडून, दळून, जहाजांनी न्यायचा. खाणींनी काय होतं हे गोव्याला वेगळं सांगायची गरज नाही.

१७. खारफुटी लावली तर?

आहे ती राखा, हे आधी. गोव्यात वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार खारफुटी २७ चौरस किलोमीटर होती. ती चिखलात कार्बन साठवते आणि तिथून भरती-ओहोटीने बाहेर जाणारं पाणी आसपास थोडी अल्कता पुरवू शकतं, म्हणजे खाडीपुरता दिलासा. जगाचा पीएच यातून सावरणार नाही. पण लाटा अडवणं, माशांच्या पिल्लांना आसरा देणं एवढ्यानेच ती वसूल आहे. एक अडचण मात्र खरी: खाजन शेताचा (खाडीकाठच्या, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेताचा) बांध फुटून खारं पाणी आत राहिलं की तिथे खारफुटी उगवते आणि मग शेतकऱ्याला ती तोडता येत नाही. तेव्हा बांध आणि मानशींची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांची) दुरुस्ती वेळेवर व्हायला हवी. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ मध्ये वर्षाला ३.३ मिलिमीटरने चढलीय, मानशी तर ओहोटीला पाणी उतरेल या भरवशावरच चालते.

१८. लाखो वर्षांपूर्वीही समुद्र असा झालाच होता, तेव्हा जीव संपले का?

साधारण ५.६ कोटी वर्षांपूर्वी झाला होता, हजारो वर्षांमध्ये भरपूर कार्बन सुटला, पाणी तापलं, खोल समुद्रातले फोरॅमिनिफेरा नावाचे कवचधारी एकपेशीय जीव मोठ्या संख्येने नष्ट झाले. सावरायला लाखभर वर्षांहून जास्त लागली. आता आपण कार्बन त्याहून खूप वेगाने सोडतोय. सावकाश बदल झाला तर तळाचा चुनखडीचा गाळ विरघळून पाणी सावरतो आणि जीवही पिढ्यांमधून जुळवून घेतात, दोन-तीनशे वर्षांत ते जमत नाही.

१९. उत्सर्जन आज थांबलं तर समुद्र पूर्ववत कधी होईल?

वरच्या पाण्याच्या पीएचची घसरण लवकर थांबेल, आणि तेवढ्यानेही पुष्कळ वाचेल. पूर्ण पूर्ववत व्हायला हजारो वर्षं.

२०. मी पीएचच्या पट्ट्या घेऊन मिरामारला स्वतः मोजलं तर चालेल?

मोजा, पण त्यातून आम्लीकरण दिसणार नाही. कागदी पट्टी अर्ध्या अंकाचाच फरक जेमतेम दाखवते आणि आपण ०.१ बद्दल बोलतोय. त्यात एका दिवसात, ऊन असताना आणि रात्री, पीएच याहून जास्त हलतो, कारण शैवाल दिवसा कार्बन डायऑक्साइड वापरतं. त्यापेक्षा दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी पाण्याचं तापमान घ्या, शक्य असेल तर खारेपणा मोजणारं साधं उपकरण वापरा, आणि शेजारच्या रापणकाराला काय मिळालं, तिसऱ्यांचा आकार केवढा होता, मेलेले मासे कधी आले हे वहीत तारखेसह लिहा. अशी चार-पाच वर्षांची वही कुठल्याही अभ्यासकाला उपयोगी पडते. फक्त भरती होती की ओहोटी ते प्रत्येक नोंदीसमोर लिहा, नाहीतर मांडवीच्या तोंडावर घेतलेला आकडा नदीचा की समुद्राचा हेच कळत नाही.